डबल बेल मिळेपर्यंत

आमच्या घरातून कुणीही बाहेरगावी निघालं की बाबा फाटकाशी येऊन उभे राहत आणि लोखंडी दांड्यावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करत. ते आयुष्यभर लाल बसवर कंडक्टर होते आणि नागपूर-खापा हा त्यांचा सगळ्यात लाडका रूट. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे ज्ञान मला बाराखडीच्या आधी मिळालं. डबल दिली की ड्रायव्हरनं मागे वळून पाहायचं नाही, असं ते सांगत. माहेरी निघालेली आई असो की परीक्षेला निघालेली मी, ती टकटक ऐकल्याशिवाय आमचा पाय पुढे पडत नसे. मी इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला निघाले तेव्हा त्यांनी टॅक्सीच्या टपावर डबल दिली, "ये बाई" म्हणाले, आणि टॅक्सीवाला खरंच मागे न बघता सुटला. आई चिवड्याचा डबा माझ्या हातात देतच होती, तो तिच्याच हातात राहिला.

व्हिएतनाममधलं ते गाव नदीकाठचं, लहानसं. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी तोंडघशी पडले. मी प्रश्न विचारायची आणि वर्ग गप्प. आता नागपूरच्या माणसाला समोरचा गप्प बसलेला सहन होत नाही. आमच्याकडे कुणी घटकाभर बोललं नाही तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं धरून आम्ही विचारपूस सुरू करतो. त्यामुळे मी विचारायची आणि घाईघाईनं उत्तरही मीच देऊन टाकायची. मागच्या बाकावर बसून माझा तास पाहणाऱ्या तिथल्या एका वयस्कर शिक्षिकेनं हे बरेच दिवस सोसलं. मग एकदा तिनं माझ्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली. प्रश्न विचारला की ही उघडायची, सावकाश पाणी प्यायचं, झाकण लावायचं, आणि तोवर काही बोलायचं नाही. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही, इतकी साधी युक्ती.

मी विचारलं, पाणी प्यायले, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा प्यायले. आणि शाळा सुरू झाल्यापासून माझ्यासमोर ओठ न उघडलेली एक मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली की तिच्या आजोबांची होडी निळी आहे आणि ती जुनी झाली तरी बुडत नाही. पूर्ण वाक्य, इंग्रजीत. ते वाक्य त्या मुलीच्या आत कधीपासून तयार बसलं होतं आणि मी रोज बडबडून त्याची वाट अडवत होते.

तिथेच ठरवलं की पुढे शिकायचं, भाषा शिकवण्यातच मास्टर्स करायचं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा अर्ज निम्मा भरून झाला होता, तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांना लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीत गेली होती.

मी नागपूरच्या विमानतळावरून थेट धंतोलीच्या दवाखान्यात पोहोचले. बाबा मला पाहून रडले आणि बरंच काही बोलले, पण त्यातला एकही शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता. माझं नाव त्यांना सापडेना. ते शोधत होते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मी त्यांचा चांगला हात धरून नुसती बसून राहिले.

पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला. घरी आणलं तशी माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याला पाहायला जाण्यात आमची माणसं कुणाला हार जात नाहीत. कुणी संत्री आणी, कुणी नारळपाणी, आणि प्रत्येक जण खुर्ची पलंगाजवळ ओढून विचारी, "कसं वाटून राहिलं भाऊ?" बाबांचे ओठ हलायच्या आत उत्तरही तोच देई, बरं वाटून राहिलं, चेहराच सांगून राहिला. एक काका तर त्यांच्याशी मोठमोठ्यानं हिंदीत बोलत, जणू लकव्यानं बाबांना परप्रांतीय करून टाकलं होतं. आई त्यांच्या वतीनं हसायची, त्यांच्या वतीनं भाजीला नावं ठेवायची. सगळ्यांची माया होती, ते मला कळत होतं. तरीही सगळ्यांना बाहेर काढून फाटकाला कुलूप ठोकावं असं मला रोज वाटे.

आठवड्यातून एकदा आम्ही धंतोलीला बोलण्याच्या उपचारांसाठी जात होतो. तिथली उपचार करणारी माझ्याच वयाची होती. तिनं बाबांना कंगव्याचं चित्र दाखवलं. बाबांनी केसांतून हात फिरवून दाखवला, पण शब्द येईना. मग तिनं सहज गाणं गुणगुणावं तसं "एक, दोन" म्हटलं आणि थांबली. बाबा पुढे निघाले. तीन, चार, पाच, थेट वीसपर्यंत, खणखणीत. आईनं दचकून तोंडावर हात ठेवला.

त्या मुलीनं आम्हाला समजावलं की नेमका शब्द शोधून काढणं हे मेंदूचं एक काम, आणि हजारो वेळा म्हणून म्हणून जिभेवर बसलेलं बाहेर येणं हे निराळं. एक खोली पडली तरी शेजारची उभी असू शकते. अजून एक गोष्ट तिनं बजावली. त्यांच्या हो आणि नाहीवर जाऊ नका, सध्या ते एकमेकांच्या जागी येतात. ते खरंच होतं. चहा हवा का म्हटलं की बाबा "नाही" म्हणत आणि कपाकडे हात नेत. मी मात्र त्या मुलीचे हात बघत होते. प्रश्न विचारला की ती टेबलावरची चित्रं उगाचच नीट लावत बसायची. तिच्याकडे बाटली नव्हती, एवढाच फरक.

थंडीत खाप्याच्या आत्यानं आम्हाला बोलावलं. आईला गाडी करायची होती, पण स्टँडजवळ लाल बस दिसताच बाबा काठी टेकत तिच्याकडेच वळले. बसच्या कंडक्टरला कळलं की हे आपल्याच खात्यातले, तेव्हा त्यानं दाराजवळची स्वतःची सीट त्यांना दिली. छावणीचा थांबा मागे पडला. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. गाडीचा वेग कमी झाला आणि ते म्हणाले, "मानकापूर."

अगदी स्पष्ट. आई काहीतरी बोलणार होती, मी तिच्या गुडघ्यावर हात दाबला. थोड्या वेळानं आवाज आला, पूर्वीचाच, मागच्या सीटपर्यंत पोहोचणारा: "कोराडी, कोराडीवाले पुढं या." एक म्हातारी पिशवी सावरत उठली आणि उतरलीसुद्धा. तिला काय माहीत, तिनं काय ऐकलं ते. दहेगाव आलं, पाटणसावंगी आलं. खऱ्या कंडक्टरनं नंतर एकदाही तोंड उघडलं नाही, घंटीची दोरी तेवढी ओढत राहिला. ज्या माणसाला पोटच्या मुलीचं नाव सापडत नव्हतं, त्याच्या आत अख्खा रस्ता जागच्या जागी होता, एकही गाव इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी परदेशात समुद्र पाहिला, ढगांत बुडालेले डोंगर पाहिले. त्या दिवशी खाप्याच्या बसमध्ये मी जितकी थक्क झाले तितकी कुठेच झाले नव्हते. माणूस बोलतो ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती किती बेफिकीरपणे वापरतो.

परत आल्यावर मी निम्मा भरलेला अर्ज टाकून दिला आणि दुसरा भरायला घेतला, बोलणं गमावलेल्यांना पुन्हा बोलतं करण्याच्या अभ्यासक्रमाचा. त्याच विद्यापीठात तो होता आणि भाषा शिकवलेल्यांनाही तिथे घेत होते. हेच का शिकायचं, यावर निबंध मागितला होता. पहिल्या खर्ड्यात मी लहानपणापासूनच्या भाषेच्या आवडीबद्दल लिहिलं. ते धादांत खोटं होतं, लहानपणी मला फक्त पतंगांची आवड होती. मग सरळ बसबद्दल लिहिलं.

मुलाखत ऑनलाइन झाली. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आईनं त्या दिवशी भात पातेल्यात शिजवला. पडद्यावरच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं की बसमध्ये तुम्ही वडिलांना नेमकी काय मदत केलीत. मी सांगितलं, काहीच नाही, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गप्प बसले. पलीकडे शांतता पसरली. पूर्वीची मी असते तर तीही बोलून भरून काढली असती.

विद्यापीठानं मला घेतलं, शिष्यवृत्तीसकट. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं तर तिनं आधी माझा चेहरा कुरवाळला आणि मग ओट्याला टेकून रडायला लागली. मी एकटी कशी सांभाळू वं त्यायले, म्हणाली. आत्या काही महिने येऊन राहायला तयार होती, उपचार चालू राहणार होते, हे सगळं मी बोलले, पण तिचा प्रश्न तो नव्हताच. शेवटी तिनं डोळे पुसले. "त्यायले विचार. त्यायनं म्हटलं तर जा, नाही तर नको जाऊ."

चहा झाल्यावर मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. आई पायथ्याशी बसली. मी बाबांना सावकाश सगळं सांगितलं, किती दूर, किती वर्षं, काय शिकणार. मग विचारलं, "बाबा, जाऊ का?" आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बाबा म्हणाले, "नाही."

नाही म्हणून राहिले, असं आई लगेच बोलली. तिच्या आवाजात सुटका होती, आणि ती तिलाही ऐकू आली असावी, कारण ती मान खाली घालून पदर सारखा करू लागली. माझ्या तोंडात पाणी होतं. बाबांनी स्वतःवरच चिडल्यासारखी मान हलवली. पुन्हा नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग पुन्हा नाही. मग शब्दांचा नाद सोडून त्यांनी डावा हात पलंगाच्या लोखंडी दांड्याकडे नेला आणि बोटाचं पेर त्यावर आपटलं. टक.

एक घंटी. तिचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी इतक्या दिवसांची स्वप्नं गेली, आणि खरं सांगते, त्यांनी मला थांबवून घेतलं म्हणून क्षणभर बरंही वाटलं. त्यांचा हात दांड्यावरून घसरून चादरीवर पडला होता. आई माझ्याकडे बघत होती, मी पेला खाली ठेवून काहीतरी म्हणावं म्हणून. पाणी संपलं होतं. मी रिकामा पेला तसाच ओठांना लावून धरला.

बाहेरून भंगारवाल्याची हाक गेली. बाबांनी चादरीवरचा हात उचलला. तो दांड्याला चुकला, गादीवर पडला, त्यांनी तो पुन्हा उचलला. कपाळाची शीर ताणली गेली होती. पेर दांड्यावर टेकलं, मागे आलं.

टक.

आणि ते दाराकडे पाहू लागले, मी निघालेच आहे असं समजून.

मी पेला खाली ठेवला. आई उठली, त्यांचा हात उचलून तिनं नीट उशीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबल दिली त्यायनं. आता गाडी थांबत नाही, बाई."