तव्यावरची पहिली भाकरी

माझे सासरे भाकऱ्या करायला बसले की आधी दार लोटून घ्यायचे. गावाला वाटायचं, म्हातारा लाजतो. छे! सुरुवातीला हेच मामा, आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात, दार सताड उघडं टाकून, रस्त्याकडे तोंड करून भाकऱ्या थापत.

मला सुप्याच्या एका कंपनीत काम लागलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. कंपनीची बस पहाटेच फाट्यावर यायची. नवरा पुण्याला नोकरीला, आठवड्याला एकदा घरी. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे पार कामातून गेलेले. आता स्वयंपाकाचं काय, नोकरी सोडावी लागते की काय, म्हणून मी रडकुंडीला आले होते. मामा म्हणाले, "नोकरी सोडायची न्हाई पोरी. भाकरीचं मी बघतो." आणि बघितलं की खरंच! पहिल्या भाकऱ्या कुत्र्यानंही हुंगल्या नसत्या. पण म्हातारा चिवट. बघता बघता त्यांची बाजरीची भाकरी अशी टम्म फुगायला लागली, की माझ्या आईनंही तोंडात बोट घालावं.

पारावरची माणसं मुद्दाम आमच्या दारावरून जात. "काय आण्णा, बाई झालात व्हय?"

मामा पीठ मळता मळता हसत. "देवानं दोन हात दिल्यात. त्यावर ह्यो बाईचा, ह्यो बाप्याचा, असं कुठं लिवलंय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणीतरी त्याचं मोबाईलवर शूटिंग केलं, ते गावभर फिरलं, आणि महिला दिनाला शाळेच्या पटांगणात मामांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, फेटा. टाळ्या तर विचारू नका! मामा फेट्यात नवरदेवासारखे दिसत होते. आत्या मागं बायकांत, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही.

घरी आल्यावर मामांनी नारळ आत्यांपुढं ठेवला. "बघ, नवऱ्याचं नाव झालं."

आत्यांनी नारळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी जलमभर थापल्या. ह्या तुमच्या पोराच्या टायमाला ओली बाळंतीन हुते, तरी चुलीम्होरं बसले. डोळ्यापुढं अंधारी यायची. आन तुमी पाटावर बसून 'आन गं गरम' म्हनायचा. तवा कुठं हुतं हे दोन हात?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. मामा फेटा न सोडताच ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लोटलं. मिरवण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं. पहिली भाकरी तव्यावरून उतरवून थेट आत्यांच्या ताटात ठेवली. "खा. गरम हाय." बायकोनं आपल्या हातचा एक गरम घास सगळ्यांच्या आधी खावा, एवढंच त्यांना हवं होतं. आत्यांनी भाकरी उचलली आणि टोपल्यात टाकली. "आधी तुमचं हुंद्या."

राग नव्हता तो. सगळ्यांच्या मागून, उरलेली, गार भाकरी खायची सवय अंगातच मुरली होती त्यांच्या. मामा रोज ठेवत, त्या रोज टोपल्यात टाकत. मला तर दोघांचाही राग यायचा.

"आत्या, खा की हो एक घास. मामांचा जीव अडकलाय त्यात."

"गरमाची चवच कळंना झालीय गं मला," त्या म्हणायच्या.

मग आत्यांना पोटाचा आजार निघाला. नगरच्या दवाखान्यातून 'आता घरी न्या' असं सांगितलं. अन्न तुटलं. तरी मामा पहिली भाकरी दुधात कुस्करून उशाशी बसत. एका सकाळी आत्यांनी आपणहून तोंड उघडलं. घास तोंडात घोळवला, पण गिळता येईना. मामांनी तळहात पुढं करून तो परत घेतला.

"गरम हाय हो," आत्या म्हणाल्या. "पर आता उतरत न्हाई."

दुपारी त्या गेल्या. मामा तो हात धुवायला तयार नव्हते. शेवटी मीच त्यावर पाणी घातलं.

पुढं पहिली भाकरी माझ्या ताटात पडू लागली. मी घास घेतल्याशिवाय ते दुसरी थापत नसत. स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून, गार खायचे. मी चिडले की म्हणत, "आता माझी पाळी."

यंदाच्या थंडीत मामा गेले. भेटायला येणारा जो तो म्हणे, "लई सुधारलेला मानूस." काय सांगणार होते मी त्यांना? तेरावा झाला, पाहुणे पांगले, घर खायला उठलं. नवरा पाटावर येऊन बसला आणि सहज म्हणाला, "आण गं गरम."

मी परातीत पीठ घेतलं, परात त्याच्यापुढं सरकवली आणि दार लोटून घेतलं.