दिगूचा पहिला शब्द

सकाळी मी गहू निवडत बसले होते. मुलगा दिगंबर फोन ठेवून बाहेर आला नि म्हणाला, "आई, मोठी आई गेली." मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ, सरूबाई. मला रडू आलं नाही. मनात आलं, आता हा माझ्या एकटीचा... नव्वदीच्या बाईनं असं मनात आणू नये. पण आलं. महिना होऊन गेला, म्हणून आता लिहिते.

सिंदीजवळच्या गावात आमचं एकत्र कुटुंब होतं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. दिगू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. कान चांगले होते, हाक मारली की वळून पाहायचा, पण तोंडातून शब्द नाही. मी दिवसभर शेतात असायची, सरूबाई स्वयंपाकाला घरी. तिला मूल नव्हतं. ती माझ्या पोराला मांडीवर घेऊन गायची. देवाची गाणी नव्हेत, हाती येईल त्याची. डाळीचं गाणं, मिठाचं गाणं. एकेक डबा त्याच्या कानाशी हलवायची आणि आत जे असेल ते गाण्यात घालायची. दिगूही तिच्या मागोमाग नाकातून हं... हं... करायचा. माझ्यापाशी आला की गप्प. माझा आवाज फाटका, मला सूर नाही. शेतातून येताना ते हं-हं ऐकू आलं की मी त्याला तिच्या मांडीवरून उचलून घ्यायची.

शेजारीण म्हणाली, "काऊन ठेवतं वं तिच्यापाशी? वांझ बाईनं गायलं तं लेकराची जीभ बांधल्या जाते." मला ते खरं वाटलं असं नाही. मला ते हवं होतं. मी सरूबाईला तोंडावर सांगितलं, "उद्यापासून माया पोरापुढं गायचं नाई." ती एवढंच म्हणाली, "बरं." मी दिगूला निंदणाला सोबत नेऊ लागले, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवू लागले. महिनाभर तो बसला. नाकातलं हं-हंसुद्धा बंद झालं. मला ते कळत होतं, तरी मी नेतच होते.

मग भुलाबाईचे दिवस आले. तेव्हा पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणायच्या, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवून आत खिरापत कोणती ते ओळखायला लावायची. त्या दिवशी आमच्या अंगणात डबा सरूबाईच्या हातात होता. पोरी ओरडत होत्या, "शेंगदाणे!" "मुरमुरे!" "खोबरं!" ती "नाई" म्हणून पुन्हा वाजवायची. दिगू माझं बोट सोडून पुढे गेला. मान तिरपी करून त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "फुटाणे."

मला आधी आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला. पहिला शब्द, तोही तिच्यापुढे! त्याला उचलून आत नेलं नि म्हटलं, "आई म्हण. म्हण ना रे!" तो दाराकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी मी निंदणाला एकटी गेले.

नातसून म्हणते, लहानपणी गाणं कानावर पडलं की मुलांची समज वाढते, वाचा लवकर फुटते. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. सरूबाईलाही नव्हतं. दिगू पुढे शाळामास्तर झाला. पहिलीच्या पोरांना बाराखडी गाऊन शिकवायचा. निवृत्तीच्या सत्कारात तो माईकवर म्हणाला, "मी बोलत नव्हतो. माझ्या आईनं गाऊन गाऊन मला बोलतं केलं." लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवर सरूबाई होती, तीही वाजवत होती. मी हात जोडले. खोटं आयतं मिळालं, घेतलं.

परवा दिगू माझ्या पणतीला मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "दिगू, त्या सत्कारात तू चुकीचं बोलला. मी तुयासाठी कधी गायलीच नाई. मोठी आई गायची. मीनं तं तिचं गाणं बंद केलतं."

"मले माहीत हाय."

"मंग मायं नाव काऊन घेतलं?"

"तिनंच सांगतलं होतं. म्हणे, आईचं नाव घेजो, तिले बरं वाटन."

म्हणजे तेही तिनंच दिलेलं... दिगूनं पोरीच्या तळव्यावर बोटानं ठेका धरला. गाणं सुरू करण्याआधी सरूबाई असाच धरायची. मी उठून आत जाणार होते. बसून राहिले.