डोळ्यांवाचून निघालेला गणपती

समोरच्या खालांकडे, आमच्या मुसलमान शेजारणीकडे, सकाळपासून सुतार आलाय. त्यांचा धाकटा मुलगा दुबईत असतो, त्याच्याकडे सागवानी झोपाळा जायचा आहे. कड्या वेगळ्या, पाट वेगळा, सगळ्याला जुन्या गोधड्या गुंडाळून झाल्यात. खोक्याच्या कोऱ्या लाकडाचा वास रोह्याच्या आमच्या आळीत पसरला आणि चुलीवरच्या भाताकडे माझं लक्ष राहिलं नाही. या वासासरशी मी थेट पेणला, बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन उभी राहते.

त्या वर्षी शिमग्याच्या आधीच बाबांनी ताईसाठी शाडूची मूर्ती काढली होती, चांगली कमरेएवढी. ताई लग्न होऊन पार कॅनडाला गेलेली. सणाला येणं तिला जमत नव्हतं, आणि तिच्या घरी पेणचाच गणपती बसावा हा बाबांचा हट्ट. बोटीने पोचायला महिने लागतात म्हणून ही घाई. मी रोह्याहून मदतीला गेले होते. मदत म्हणजे बाबांची बोलणी खाणं, हे ठाऊक असूनही.

बाबांच्या हिशेबी मूर्ती पाठवणं म्हणजे पेंढ्याची गादी करून टेम्पोत बसवणं. कासू, रोहा, फार तर मुंबई, एवढाच त्यांचा अनुभव. माल पाठवणाऱ्या माणसाने आधी पेंढाच बाद केला. तिकडच्या बंदरात गवताची काडी दिसली तरी पेटी अडकते म्हणाला. मग फोम आणि कागदाची कातरणं आली. सोंडेमागे, हातांच्या बेचक्यांत मी आईची जुनी लुगडी दाबून बसवली. पण खरी अडचण उंचीची होती. उभी पेटी डोक्याकडे जड, हिंदकळली की कलंडणार. शिवाय तिच्यावर दुसरं सामान रचता येत नाही, म्हणून वरच्या रिकाम्या जागेचंही भाडं. ते ना ताईला परवडणारं होतं, ना बाबांना. मूर्ती आडवीच जायला हवी होती.

देवाला असं आडवं घालायचं हे बाबांना पटेना. अजून प्राणप्रतिष्ठा कुठे झालीय, मातीच तर आहे, असं मी समजावून पाहिलं. रंगकाम संपलं होतं. उरली होती ती डोळ्यांची आखणी, आणि ती फक्त बाबा करायचे. आम्हा मुलींच्या वाट्याला कायम उंदीर आणि पाट. ते ब्रश घेऊन मूर्तीपुढे बसले आणि त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"डोळे दिले की तो बघतो गो," ते म्हणाले. "बघणाऱ्याला आडवा घालून वरनं खिळे कसे मारू? नाय जमायचं. डोळे तिकडं ताई देईल."

मला राग आला, खरंच सांगते. इतकी वर्षं कारखान्यात राबले मी, आणि डोळे देणार ती. ताईला तर फोनवर रडूच फुटलं. माझ्या हातून बिघडला तर, एवढंच म्हणत राहिली. बाबांनी आपला ब्रश कापडात गुंडाळून मूर्तीच्या पायाशी ठेवला. आम्ही दोघांनी मूर्ती हलक्या हाताने पाठीवर निजवली, आणि खिळे त्यांनी स्वतः मारले.

चतुर्थीला मोबाइलवर फोटो आला. मूर्तीचा कुठे टवकाही उडाला नव्हता. डोळे मात्र फसले होते; उजवा जरा मोठा, नजर एका बाजूला गेलेली. असल्या डोळ्यांपायी बाबांनी कारागिराला कामावरून उठवलं असतं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"बाजूला बघतोय जरा," म्हणाले. आणि फोन खाली ठेवताना, "असू दे. इकडं बघत असंल."

एवढ्या मूर्तीचं विसर्जन करू देतील असं पाणी तिकडे मिळेना. ताईने मूर्तीऐवजी पूजेची सुपारी तेवढी पाण्यात बोळवली आणि मूर्ती घरातच ठेवली. तेव्हा ते आम्हाला बरं वाटलं नव्हतं. आता बाबा नाहीत. त्यांनी जन्मभर घडवलेलं एकूण एक पाण्यात विरघळून गेलं, आणि ते तसंच व्हायचं असतं. त्यांच्या हातचं असं एकच काय ते उरलंय, साता समुद्रापलीकडे ताईच्या घरात. डोळे दिल्यानंतर मी त्याला समोरून अजून पाहिलेलं नाही. एकदा जाऊन त्याच्यापुढे बसायचं आहे.