जास्तीचा गोळा

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ तर मुळीच नाही. आणि आता सांगायला बसले, तर आधी स्वयंपाकाच्या ब्लॉगांबद्दलच बोलावंसं वाटतंय — विषय टाळायची सवय, दुसरं काय?

मला ते ब्लॉग फार आवडतात. चकचकीत फोटोंचे नव्हेत. ज्यात बाई सांगते की पहिल्यांदा माझी पाटवडी ताटाला चिकटून बसली, जिथे 'अंदाजाने मीठ' म्हणजे किती चिमटी ते सांगितलेलं असतं, आणि हे कोणाकडून शिकले ते नाव घेऊन लिहिलेलं असतं. ते नाव मी आधी शोधते. कृती काय, कुठेही मिळते. खरं लिहिणारी बाई मिळत नाही — आणि हे कोण म्हणतंय? मी.

कारण माझाही एक ब्लॉग आहे. पुलगावच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर सुरू केला. त्यातला सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख म्हणजे 'माझ्या आईचा गोळाभात'. वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं कितीतरी जणींनी कळवलं. मी प्रत्येकीचे आभार मानले.

माझ्या आईनं गोळाभात कधी केलाच नाही. ती नर्स होती, पाळ्या करून दमून यायची. तिच्या हातची मला खिचडी आठवते, तीही खाली लागलेली. गोळाभात माझ्या मोठ्या जावेचा, वत्सलाबाईंचा. नाचणगावच्या घरात आम्ही दोघी वीस वर्षं एकत्र राहिलो. मी शाळेत, त्या चुलीशी. हरभऱ्याच्या डाळीचं जाडसर पीठ तेलाचं मोहन घालून मळायचं, गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवायचे, वरून फोडणीचं तेल — हे सगळं त्यांचं. आणि मोजून केलेल्या गोळ्यांत एक जास्तीचा, झाकणाखाली. तो माझा. मला शाळेतून यायला उशीर व्हायचा म्हणून.

लेखात मी तोही घेतला. आई शाळेतून उशिरा येणाऱ्या लेकीसाठी एक गोळा राखून ठेवायची, असं लिहिलं. का? खरं सांगू? चौथी शिकलेली, नऊवारीतली जाऊ मला त्या लेखात शोभेना. शिकलेली आई शोभली. बस, इतकंच. आठ वर्षं झाली. वत्सलाबाईंना मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

परवाच्या रविवारी सगळे नाचणगावला जमलो. वत्सलाबाईंचा हात आता थरथरतो, म्हणून त्यांची सून प्रणाली गोळाभात करणार होती. सासूला विचारायचं सोडून तिनं मोबाईल काढला आणि कौतुकानं माझा लेख मोठ्यानं वाचला. आई, शाळा, झाकण, जास्तीचा गोळा — सगळं. मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. काड्या वेगळ्या, पानं वेगळी. मान वर केली नाही.

वत्सलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुह्यी माय बी गोळा ठेवत होती काय? मले मालूमच नाई. बरं झालं वं. तुले दोन्हीकून भेटला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट काहीतरी बोलले असते, भांडले असते, आणि त्या भांडणात कदाचित खरं बाहेर पडलं असतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी नुसतं "हो" म्हटलं.

लेख अजून तसाच आहे. त्या दिवशीही एक गोळा जास्तीचा निघाला. वत्सलाबाईंनी आपल्या हातानं तो माझ्या ताटात वाढला. मी खाल्ला, आणि छान झालाय म्हणाले.