अंगठ्याएवढं कुलूप

नव्वदच्या दशकात बोईसरला आमचा छोटा छापखाना होता. मराठी अक्षरजुळणीसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम घ्यायचं ठरलं, तेव्हा विक्रेत्याने दोन पर्याय दिले: एकदाच पैसे भरून कायमचा विकत घ्या, नाहीतर दरवर्षी भाडं भरा. नवरा भाड्याच्या बाजूने होता. मी भडकलेच. "आपल्याच छापखान्यात भाडेकरू म्हणून बसायचं?" शेवटी विकतच घेतला.

प्रोग्रामबरोबर अंगठ्याएवढं एक कुलूप आलं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं तरच प्रोग्राम उघडायचा. दसऱ्याला मी ते काढून बाकीच्या हत्यारांबरोबर पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडेना. जवळच्याच नवापूरची एक मासळीवाली मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन समोर बसली होती. मी कुलूप पुसलं, फुंकलं, पुन्हा खोचलं. काही उपयोग नाही.

विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "प्रोग्राम भाड्याचा असता तर कुलूप बदलून दिलं असतं. तुम्ही विकत घेतलंय. आता प्रोग्राम नव्यानेच घ्यावा लागेल."

मी रिसीव्हर ठेवला. मासळीवाली वैतागून म्हणाली, "बाय, मशीन तुमचीच हाय ना? मग चालू करा की."

"माझीच आहे," मी म्हणाले, आणि पालघरच्या दुसऱ्या छापखान्याचा पत्ता तिला हाताने लिहून दिला.