चिमूटचिमूट वेळ

दिग्रसच्या आमच्या कापूस खरेदी केंद्रात संगणक दुरुस्तीला येणारा तो माणूस बसताच स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतो. म्हणून मला त्याचा संशय. गाड्या त्या संगणकाने टोकनवर छापलेल्या वेळेच्या क्रमाने आत सोडतात. त्या दिवशी संगणकाचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं, आणि रांगेत त्याच्या सासऱ्याची गाडी होती.

“घड्याळ एकदम मागे घ्या,” मी म्हटलं.

“कायले, मॅडम? मंग आता येणारा आधी आलेल्याच्या पुढे लागते. जगाच्या घड्याळात कधी जादा सेकंद टाकतात, तोबी कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपन्या एकदम न टाकता दिवसभर चिमूटचिमूट वाटतात.”

तीन मिनिटं भरून निघेपर्यंत त्याने घड्याळ नुसतं हळू केलं. संध्याकाळपर्यंत मी एकेक टोकन ताडून पाहिलं. त्याच्या सासऱ्याचा नंबर होता तिथेच होता.

जाताना त्याने पहिल्यांदाच स्क्रीन माझ्याकडे वळवली. “सापडलं काय काही?”

सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी यादी पुन्हा तपासली.