पाचवीचा बाक

भिमाजी मास्तरांनी एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात लाकडाला हात लावला होता तो फक्त चुलीत सारण्यापुरता. भाजे गावच्या शेतकरी घरात ते वाढले, पण नांगर खिळखिळा झाला की सुताराला हाक मारायची, एवढंच त्या घराला ठाऊक. पुढे ते मास्तर झाले आणि हातात खडू आला. त्यामुळे १९३९ साली वरच्या कचेरीतून कागद आला, तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदाही त्यांना तो नीट कळला नाही.

त्यांची शाळा आंदर मावळात, चौथीपर्यंतची. पाचवीचा वर्ग मिळावा म्हणून ते तीन वर्षं अर्ज करत होते. कागदात लिहिलं होतं की शाळेनं सुतारकाम शिकवावं, मुलांच्या हातून वर्षभरात एक उपयोगी वस्तू तयार करवून घ्यावी, मार्चमध्ये शाळा तपासायला येणारे दिपोटीसाहेब ती पाहतील आणि मगच पाचवीचं ठरेल.

चौथीत पाच मुलं होती. चार मुलगे आणि रतनबाईची मुलगी बया. रतनबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "गुरुजी, पाचवी हितं झाली तर धाडीन. कान्ह्याच्या शाळंत एवढं चालत पोरीला न्हाई धाडायची." मुलग्यांच्या बापांनी काही सांगितलं नव्हतं, पण चौथी झालेला मुलगा गुरांमागे जातो, हे सांगायची गरजही नव्हती.

मास्तरांना पंधरा दिवस लोणावळ्याला धाडलं. तिथे बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राजमहंमद मिस्त्री शिकवायचे. रेल्वेच्या कारखान्यात उमर गेलेला माणूस. टेबलाएवढ्या उंच कामाच्या बाकावर लाकूड शिकंज्यात आवळून धरायचं, उभं राहायचं आणि करवत पुढे ढकलायची.

"ढकला मास्तर, ढकला! ओढताय कशाला? बैल आहे का तो?" मिस्त्री म्हणायचे.

मास्तर ढकलायचे. करवत रेषा सोडून स्वतःच्या वाटेनं जायची. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी त्यांचा काप उजेडात धरला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "अक्षर तुमचं चांगलं असेल, नाही?"

मास्तर हत्यारांची पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन कान्हे स्टेशनावरून चालत गावी आले. वस्तू कोणती करायची याचा विचार त्यांनी वाटेत केला होता. पाचवीच्या मुलांना बसायला बाक. वर्ग मिळाला तर बाक लागेलच, आणि बाक झाला तरच वर्ग मिळेल. हे त्यांना बरं वाटलं. मग जरा विचित्रही वाटलं.

दिवाळीपर्यंत एक फळी उभी चिरली आणि एक पाय तोकडा झाला. मुलं रंधा मारायला शिकली, पण भुसा फार आणि बाक काही नाही. घरी कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मारुतीकडं जावा की."

मारुती सुतार गावाचा बलुतेदार. बापजाद्यांपासून गावाचं लाकूडकाम त्याच्या घराचं, आणि सुगीला त्याबद्दलचं भात त्याच्या घरी. शाळेत सुतारकी सुरू झाल्यापासून तो मास्तरांना रामराम घालेनासा झाला होता. मास्तर त्याच्या पडवीत जाऊन बसले.

"काय मास्तर? झाला का बाक?" मारुतीनंच विचारलं.

"नाही झाला."

"आन् आता म्हातारा मारुती आठवला व्हय?"

"पोरांची पाचवी अडलीय, मारुती. तू शिकव. मीही शिकेन."

मारुतीनं चिलीम खाली ठेवली. "येतो. पर हत्यार माझं."

मारुतीची पद्धत निराळीच. तो जमिनीवर बसायचा, लाकूड पायाच्या तळव्यांत धरायचा आणि करवत ओढायचा. त्याच्या करवतीचे दातच मुठीकडे वळलेले. ढकलली की ती वाकायची, ओढली की कापायची. पेटीतली करवत बरोबर उलटी. मास्तरांनी कचेरीचा मान ठेवायचा म्हणून सकाळी उभं राहून ढकलायचं ठरवलं आणि दुपारी मारुतीसमोर बसून ओढायचं. महिन्याभरात मुलं दोन्ही शिकली. मास्तर मात्र सकाळी ओढू लागले आणि दुपारी ढकलू लागले.

"गुरुजी, ही मारुतीआबाची हाये," बया हळूच सांगायची.

"हो हो," म्हणत मास्तर करवत बदलायचे, आणि तरी चुकीचंच करायचे.

पाय बसवायची वेळ आली, तेव्हा मारुतीनं बाक आतल्या खोलीत नेऊन पाचवी बसणार होती त्या कोपऱ्यात ठेवला. तो खाली वाकला, गाल जवळजवळ जमिनीला लावला, कोळशाच्या खुणा केल्या आणि मुलांकडून पाय त्या खुणांवर कापून घेतले. सगळे गेल्यावर मास्तरांनी फूटपट्टी लावली. तीन पाय सारखे आणि चौथा दोन बोटं लांब. मारुतीला विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण इतक्या दिवसांनी इतकं साधं विचारायचं कसं, या लाजेनं राहून गेलं.

मार्चमध्ये दिपोटीसाहेब यायच्या दिवशी मास्तरांना वाटलं, आत अंधार आहे, बाक बाहेर ओसरीत ठेवू. ओसरीला सपाट फरशी होती. बाक ठेवला आणि तो डुगडुगला. सरकवला, तरी डुगडुगला. तो लांब पाय! तेवढ्यात टेहळणीला बसवलेला मुलगा ओरडत आला, "गुरुजी, सायेब वढ्यापाशी आलं!"

मारुती अजून आला नव्हता. मास्तरांनी बाक उलटा केला, काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली, हाताला येईल ती करवत उचलली आणि चौथा पाय दोन बोटं कापून टाकला. बाक सुलटा केला. हलेना. त्यांनी कपाळ पुसलं आणि टोपी सारखी केली.

साहेब आले. त्यांनी बाकावर हात फिरवला, जोड पाहिले, मुलांना चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "हा बसायचा कुठे? तिथे ठेवा पाहू."

मुलांनी बाक आत नेऊन कोपऱ्यात ठेवला. साहेब त्यावर बसले, आणि बाक एका अंगाला खाली गेला.

"मास्तर, हा हलतो."

मास्तरांना काहीच समजेना. आत्ता तर हलत नव्हता! दारात मारुती येऊन उभा होता. त्यानं बाकाचा पाय पाहिला, मग मास्तरांच्या धोतरावरचा भुसा पाहिला.

"आवं मास्तर, काय केलंत हे? त्या कोपऱ्यात आत गळल्यालं पावसाचं पाणी जायाला खळगा हाये. त्या खळग्यासाठी पाय लांब ठेवला व्हता मी."

पाचवी गेली, एवढं मास्तरांना कळलं. बया त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

साहेबांनी बाक आडवा करायला लावला. चारी पायांच्या टोकांना ते गुण्या लावून पाहू लागले. चौथ्यापाशी थांबले. पुन्हा लावला.

"हा काप कोणाचा?"

"माझा," मास्तर म्हणाले. खोटं बोलावं हे त्यांना सुचलंच नाही. "ओसरीत हलत होता म्हणून, घाईत."

"चारांत हाच सरळ आहे," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून छापील कागद काढला. "यात पद्धत लिहावी लागते. कोणत्या करवतीनं कापलात?"

ओसरीत दोन्ही करवती पडल्या होत्या, दोन्हींना भुसा लागलेला. मास्तरांनी आठवून पाहिलं. बसून कापलं की उभं राहून? वाकून, बहुतेक. ढकलली की ओढली? हातानं काहीतरी केलं होतं, पण काय ते हात सांगेना.

"साहेब, खरंच आठवत नाही."

"दोनी लिवा," दारातून मारुती म्हणाला. मुलं हसली. साहेबांनी पेन उचललेलं तसंच धरलं होतं. मग काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कोणालाच दिसलं नाही.

बया बाहेर गेली होती. ती कापलेला तुकडा घेऊन आली. बाक पुन्हा कोपऱ्यात उभा करून तिनं तो त्या पायाखाली सरकवला. साहेब बसले. बाक हलला नाही.

"म्हणजे कापला नसता तरी चाललं असतं," साहेब म्हणाले.

"व्हय," मारुती म्हणाला. "पर मास्तर शिकलं कसं असतं?"

जूनमध्ये कागद आला. पाचवीला मंजुरी. मास्तरांनी हाही तीनदा वाचला. कुठे चूक तर झाली नाही ना, असं त्यांना बरेच दिवस वाटत राहिलं. रतनबाईनं बयाला धाडलं. शाळा सारवली की तुकडा जागचा हलायचा, तेव्हा तो बसवायचं काम बयानं स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कोणी बसवला तर ती पुन्हा काढून बसवायची.

मास्तरांनी पुढे बरंच लाकूड कापलं. ते कधी सरळ यायचं, बहुतेकदा नाही. शाळा सुटल्यावर कधीकधी ते त्या बाकाशी उभे राहायचे, रिकामी मूठ धरून हात पुढे न्यायचे, मागे घ्यायचे, पुन्हा पुढे. मारुती जाता जाता विचारायचा, "आठवलं का मास्तर?"

"नाही रे अजून," मास्तर म्हणायचे.